टेलिप्रिंटरवरची बैलगाडी



घटकाभर कल्पना करा की साल १८४७ आहे. मार्च महिना संपत आला आहे. अमेरिकेच्या मिसूरी राज्यात इंडिपेंडन्स नावाचे गाव आहे. तेथे तुम्ही आपल्या पाच माणसांच्या कुटुंबासह उभे आहात. तुम्हांला जायचे आहे पश्चिमेकडे, ऑरेगन सिटीला. अंतर २,०४० मैल, म्हणजे सुमारे ३,२८० किलोमीटर. वाटेत रेल्वे नाही, पक्का रस्ता नाही. लांबच लांब गवताळ मैदाने, फुगलेल्या नद्या आणि पुढे उंच पर्वत. तुम्ही साठवलेले ९०० डॉलर जवळ होते. त्यांतले २०० कापडी छपराच्या गाडीवर खर्च झाले. उरले ७००. आता यात बैल, अन्न, बंदुकीच्या गोळ्या, कपडे आणि औषधे घ्यायची आहेत. कशावर किती खर्च कराल?

चांगले बैल घेतले तर गाडी भरभर जाईल, पण अन्नाला पैसे कमी पडतील. अन्नच भरपूर घेतले तर गरम कपडे राहून जातील. वाटेतल्या ठाण्यांवर सामान मिळते, पण तेथे ते महाग. आणि उशीर झाला तर हिवाळ्यातले पहिले हिमवादळ तुम्हांला डोंगरातच गाठणार!

हा प्रश्न इतिहासाच्या प्रश्नपत्रिकेतला नाही. तो एका संगणकीय खेळातला आहे. ‘ऑरेगन ट्रेल’, म्हणजे ऑरेगनची वाट, हे त्या खेळाचे नाव. १९७१ साली तो शाळेतल्या मुलांसाठी तयार झाला. आज जगभर शाळांतून इंटरनेटवरचे असंख्य शैक्षणिक खेळ खेळले जातात. गणिताचे, भूगोलाचे, रसायनशास्त्राचे. ‘ऑरेगन ट्रेल’ हा या सगळ्या गोतावळ्यातला एक आजोबा. त्याचे पोट उघडून आत काय आहे ते पाहिले, की असे खेळ आपल्याला काय शिकवतात, कसे शिकवतात आणि काय गाळून टाकतात, हे नीट कळते. चला तर, पाहू या.

तीन मित्र, दोन आठवडे

डॉन राविच, बिल हाइनेमन आणि पॉल डिलेनबर्गर हे तिघे अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यातील कार्ल्टन कॉलेजचे विद्यार्थी. शिक्षक होण्यासाठी ते मिनेआपोलिस शहरातल्या शाळांत पाठ घेत होते आणि एकाच घरात राहत होते. राविच इतिहास शिकवी. बाकीचे दोघे गणित.

राविचला आठवीच्या वर्गाला एकोणिसाव्या शतकातील पश्चिमेकडच्या स्थलांतराचा पाठ द्यायचा होता. सनावळी पाठ करून घेण्यापेक्षा मुलांना तो प्रवास ‘करायलाच’ लावावा, असे त्याच्या मनात आले. त्याने मोठ्या कागदावर नकाशा काढला, फासे घेतले, आणि आपल्या सापशिडीसारखा पटावरचा खेळ आखायला सुरुवात केली. मित्रांनी तो पाहिला. हाइनेमनला थोडीफार संगणकाची आज्ञावली लिहिता येत होती. त्याने सुचवले की हा खेळ संगणकावर उत्तम होईल. पाठाला अवघे दोन आठवडे उरले होते. तेवढ्या वेळात हाइनेमन आणि डिलेनबर्गर यांनी ‘बेसिक’ या संगणकभाषेत आज्ञावली लिहून काढली. ३ डिसेंबर १९७१ रोजी तो खेळ वर्गात आला.

आता ‘संगणकावर’ म्हटल्याबरोबर तुमच्या डोळ्यांपुढे रंगीत पडदा आला असेल. तो पुसून टाका! त्या शाळेत पडदा नव्हताच. होता फक्त टेलिप्रिंटर. टंकलेखन यंत्रासारख्या कळा आणि कागदाची लांब गुंडाळी असलेले ते धडधडणारे यंत्र. खरा संगणक ह्युलेट-पॅकार्ड कंपनीचा, आणि तो शाळेत नव्हता. दुसऱ्याच ठिकाणी होता. शाळेतला टेलिप्रिंटर टेलिफोनच्या तारेने त्याला जोडलेला असे. एकच संगणक अनेक शाळांतल्या टेलिप्रिंटरांना आळीपाळीने वेळ वाटून देई. एखादा वाढपी पंगतीत झरझर फिरतो, आणि प्रत्येकाला वाटते की तो आपल्याच पानाशी उभा आहे, तसे! म्हणजे पाहा, घरोघर इंटरनेट पोचण्याच्या कितीतरी आधी ही मुले दुसरीकडच्या यंत्राशी तारेवरून जोडली जाऊन खेळत होती. ‘ऑनलाइन’ या शब्दाचा अर्थ याहून वेगळा काय असतो?

अशा टेलिप्रिंटरचा वेग सेकंदाला १० अक्षरांचा. ६० अक्षरांची एक ओळ उमटायला ६ सेकंद लागत. ‘मुसळधार पाऊस. वेळ आणि सामान वाया गेले’ अशा अर्थाची बातमी अक्षराअक्षराने कागदावर उमटे आणि सगळा गट माना पुढे काढून ती वाचे. शिकार करायची असेल तर बंदुकीच्या आवाजाचा ‘बँग’ हा इंग्रजी शब्द टाइप करायचा. संगणक सेकंद मोजी. शब्द जितका लवकर आणि बिनचूक, तितकी शिकार चांगली.

एका यंत्रापुढे सगळ्या मुलांना खेळायचे असल्यामुळे मुलांनी आपापसांत कामे वाटून घेतली. ज्याचा टाइप करण्याचा हात चांगला तो शिकारी. गणितात पक्का तो खजिनदार. एक जण नकाशावर गाडी कोठे आली ते दाखवणारा. शाळा भरण्यापूर्वी आणि सुटल्यावरही यंत्रापुढे रांग लागू लागली. येथे एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. संगणक कमी होते ही अडचण खरी. पण तिच्यामुळेच मुले एकमेकांशी बोलली, भांडली, हिशेब करून एका निर्णयावर आली. शिकणे घडले ते बरेचसे यंत्राच्या बाहेर, त्या घोळक्यात.

बैलांचे गणित

आता खेळाचे पोट उघडू या. ‘क्रिएटिव्ह कॉम्प्युटिंग’ या अमेरिकन नियतकालिकाच्या मे-जून १९७८ च्या अंकात या खेळाची संपूर्ण आज्ञावली छापून आली. ती वाचली की कळते, आत ना बैल आहेत ना गाडी. आहेत ती फक्त समीकरणे.

खेळातला एक डाव म्हणजे प्रवासाचे दोन आठवडे. एका डावात गाडी किती मैल जाईल, हे असे ठरते: बैलांवर खर्च केलेल्या डॉलरांतून २२० वजा करा, उत्तराला ५ ने भागा, त्यात २०० मिळवा, आणि शेवटी ० ते १० यांच्यामधली कोणतीही एक संख्या नशिबाने मिळेल ती मिळवा.

बैलांवर २०० ते ३०० डॉलर खर्च करता येतात. समजा, तुम्ही २०० केले. मग २०० वजा २२० म्हणजे उणे २०. भागिले ५ म्हणजे उणे ४. म्हणून १९६ मैल. नशिबाचे सरासरी ५ धरले तर २०१. समजा, ३०० केले. मग ८० भागिले ५ म्हणजे १६. म्हणून २१६, आणि नशिबाचे ५ धरून २२१ मैल. २,०४० मैलांची वाट पहिल्या गाडीला सुमारे १०.१ डावांत आणि दुसरीला सुमारे ९.२ डावांत संपेल. फरक साधारण १३ दिवसांचा. १०० डॉलर जास्त देऊन १३ दिवस विकत घेतले! हे फायद्याचे की तोट्याचे? ते तुम्ही आणखी कशाला पैसे कमी पाडले यावर अवलंबून आहे.

अन्नाचाही असाच नियम आहे. कमी, मध्यम की पोटभर जेवायचे, हे दर डावाला विचारले जाते. त्यानुसार अन्नसाठ्यातून १३, १८ किंवा २३ वजा होतात. दहा डाव कमी जेवलात तर १३० लागतील, पोटभर जेवलात तर २३०. वाचले की शंभर! पण जपून: कमी जेवणाऱ्याला आजार गाठण्याची शक्यता आज्ञावलीत जास्त ठेवली आहे. शिकारीला थांबलात तर अन्न मिळेल, पण प्रवासातले ४५ मैल वजा होतील.

मित्रहो, अशा समीकरणांच्या संचाला विज्ञानात ‘प्रतिमान’ म्हणतात. खऱ्या गोष्टीतले काही मोजके धागे घ्यायचे, ते संख्यांनी एकमेकांना बांधायचे, आणि एक ओढला की दुसरा कसा हलतो ते पाहायचे. पावसाचा अंदाज बांधणारे हवामानशास्त्रज्ञ हेच करतात. साथ किती पसरेल याचा अंदाज घेणारे वैद्यकतज्ज्ञही हेच करतात. त्यांची प्रतिमाने अर्थात फार मोठी असतात. पण जात एकच.

संगणक फासे कसे टाकतो?

त्या समीकरणात ‘नशिबाने मिळेल ती संख्या’ असे शब्द आले. संगणकाला हात नाहीत आणि फासेही नाहीत. तो तर सांगितले तेवढेच करणारा. मग त्याच्याकडे नशीब कोठून आले?

याची एक युक्ती तुम्हांला वहीवर करता येईल. ७ ही संख्या घ्या. तिला ५ ने गुणा आणि ३ मिळवा: ३८. आता ३८ ला १६ ने भागा आणि बाकी तेवढी ठेवा: ६. आता ६ घेऊन पुन्हा तेच करा: ३३, बाकी १. पुन्हा: ८. पुढे ११, १०, ५, १२, १५, १४, ९, ०, ३, २, १३, ४ अशा संख्या येतात, आणि मग पुन्हा ७. ० पासून १५ पर्यंतची प्रत्येक संख्या एकदाच आली, पण क्रम असा उलटसुलट की नियम ठाऊक नसलेल्याला तो सहसा ओळखता येणार नाही. संगणकातल्या अशा आज्ञावलीत १६ ऐवजी फार मोठी संख्या वापरतात. मग चक्र पुन्हा सुरू व्हायला फार वेळ लागतो. अशा संख्यांना ‘आभासी यदृच्छ संख्या’ म्हणतात. दिसायला नशीब, आतून नियम!

नशिबाचे खेळ आपल्याला नवे नाहीत. ज्ञानेश्वर-नामदेवांच्या नावांशी परंपरेने जोडलेला मोक्षपट तुम्ही ऐकला असेल. सापशिडी हे त्याच घराण्यातले. त्यात सद्गुणांच्या घरात शिडी असते आणि दुर्गुणांच्या घरात साप. तोही शिकवण्यासाठी केलेला खेळ. पण त्यात खेळणाऱ्याला निर्णय काहीच घ्यावा लागत नाही. जे दान पडेल ते मान्य करायचे. ‘ऑरेगन ट्रेल’मध्ये दान आहेच, पण दान पडण्यापूर्वी तुम्ही काय तयारी केली, त्यावर त्या दानाचा परिणाम ठरतो. थंडी पडणे तुमच्या हाती नाही. पुरेसे कपडे घेणे मात्र आहे. नशीब आणि निर्णय यांच्या या मिश्रणामुळेच मुले हरली तरी पुन्हा खेळायला येत. ‘या वेळी कपड्यांना दहा डॉलर जास्त ठेवू’ असे म्हणणे म्हणजे चूक शोधून प्रयोग पुन्हा करणेच होय.

रोजनिशींतून आलेले आकडे

पहिले सत्र संपले आणि ती आज्ञावली संगणकातून पुसली गेली. राविचने ती आधी कागदावर छापून घेतली होती, म्हणून वाचली. सुमारे ८०० ओळींची ती गुंडाळी! १९७३ मध्ये मिनेसोटा राज्यात शाळांना संगणकाची सोय पुरवणारी एक संस्था निघाली. पुढच्या वर्षी राविचला तेथे काम मिळाले. १९७४ च्या नोव्हेंबरातल्या सुट्टीत त्याने ती सगळी आज्ञावली पुन्हा टाइप करून नव्या संगणकात घातली.

मग त्याने एक फार महत्त्वाचे काम केले. पहिल्या वेळी पाऊस, आजार, अपघात किती वेळा यावेत हे तिघांनी अंदाजाने ठरवले होते. आता राविचने त्या वाटेने खरोखर गेलेल्या प्रवाशांच्या रोजनिशी वाचल्या. कोणते संकट किती वेळा आले याची नोंद केली आणि त्या प्रमाणात खेळातल्या शक्यता बदलल्या. अंदाज काढून टाकून त्या जागी निरीक्षण ठेवले. शास्त्रज्ञ आपल्या प्रतिमानाबाबत हेच करतात.

त्या रोजनिशींत मृत्यू पानोपानी भेटतात. १८४९ पासूनच्या काही वर्षांत पटकीने तर या वाटेवर कहर केला. मुक्कामाच्या जागा ठरलेल्या. एक तांडा गेला की दुसरा त्याच ठिकाणी उतरणार, तेच पाणी पिणार. रोगाचे जंतू पाण्यातून पसरतात, हे त्या प्रवाशांना ठाऊक नव्हते. लोक बंदुका भरून शत्रूची वाट पाहत, आणि खरा शत्रू पाण्याच्या भांड्यात असे.

पुढे १९८५ मध्ये ॲपल संगणकासाठी चित्रांसह नवी आवृत्ती निघाली. आर. फिलिप बूशार्ड हे तिच्या रचनाकारांचे प्रमुख. तिच्यात सुरुवातीलाच तुम्ही कोण ते निवडायचे: सावकारी पेढीवाला, सुतार की शेतकरी. पेढीवाल्याजवळ १,६०० डॉलर, सुताराजवळ ८००, शेतकऱ्याजवळ ४००. पण शेवटी सुताराच्या गुणांची दुप्पट आणि शेतकऱ्याच्या गुणांची तिप्पट होई. कमी साधनांनी जो पोचला त्याचे मोल अधिक, असे हा नियम न बोलता सांगतो. शिकारीत कितीही रानरेडे मारले तरी १०० पौंडांहून जास्त मांस गाडीपर्यंत नेता येत नसे. हाव धरण्यात अर्थ नाही, हेही नियमानेच सांगितले! अमेरिकेतल्या एका पिढीने हा खेळ शाळेत खेळला. ‘आमांशाने मृत्यू’ हा त्यातला निरोप तर तेथे विनोदाने म्हणायचे वाक्य होऊन बसला. २०१६ मध्ये रॉचेस्टर येथील संग्रहालयाने जगातल्या गौरवपात्र व्हिडिओ खेळांच्या यादीत त्याचा समावेश केला.

नियमांबाहेर राहिलेली माणसे

आता जरा थांबा आणि एक प्रश्न विचारा. या सगळ्या प्रवासात ‘तुम्ही’ कोण आहात?

तुम्ही गाडीत बसलेले स्थलांतरित आहात. प्रत्येक डावाला खेळ तुम्हांला त्याच गाडीतून जगाकडे पाहायला लावतो. पण ज्या भूमीतून ती गाडी जात होती, ती रिकामी नव्हती. तेथे पॉनी, लाकोटा, शोशोनी, नेझ पर्स अशी कितीतरी मूळ रहिवाशांची राष्ट्रे नांदत होती. त्यांच्यासाठी ही वाट म्हणजे साहसाची सफर नव्हती. गुरांनी गवत खाल्ले, शिकार पांगली, रोग आले. १८५० मध्ये अमेरिकेच्या संसदेने एक कायदा केला आणि ऑरेगनात येणाऱ्या गोऱ्या जोडप्याला ६४० एकरांपर्यंत जमीन फुकट देऊ केली. ती जमीन मुळात कोणाची, हा प्रश्न त्या कायद्याने बाजूला ठेवला.

खेळात तर घोडेस्वार पुढे दिसले की ते शत्रू असू शकतील अशी धास्ती असे. खरे काय होते? इतिहासकार जॉन अन्रू यांचा या प्रवासावरील ग्रंथ १९७९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांच्या मोजणीप्रमाणे १८४० ते १८६० या काळात मूळ रहिवाशांच्या हातून ३६२ प्रवासी मारले गेले, आणि प्रवाशांच्या हातून ४२६ मूळ रहिवासी. याच काळात रोग आणि अपघात यांनी हजारो प्रवासी गेले. पुष्कळ ठिकाणी मूळ रहिवाशांनीच प्रवाशांना वाट दाखवली, नदी पार करून दिली, अन्न विकले. राविचला रोजनिशींत अशा मदतीच्या नोंदी सापडल्या, आणि ‘अन्न कोठे मिळेल हे त्यांनी दाखवले’ असा प्रसंग खेळात आलाही. तरीसुद्धा डाव खेळणारी व्यक्ती गाडीतलीच राहिली.

२०१९ मध्ये ‘व्हेन रिव्हर्स वेअर ट्रेल्स’, म्हणजे नद्याच जेव्हा वाटा होत्या, या नावाचा खेळ निघाला. त्याच्या रचनाकार एलिझाबेथ लापेन्से या स्वतः मूळ रहिवाशांच्या वंशातल्या. या खेळात काळ १८९० च्या दशकातला आहे आणि ‘तुम्ही’ अनिशिनाबे समाजातली व्यक्ती आहात. मिनेसोटातल्या आपल्या भूमीवरून हुसकावले गेल्यामुळे तुम्ही पश्चिमेकडे निघाला आहात. दिशा तीच, प्रवासही तसाच. पण खेळून उठल्यावर मनात उरणारी गोष्ट अगदी निराळी! २०२१ मध्ये ‘ऑरेगन ट्रेल’ची जी नवी आवृत्ती निघाली, तिच्यासाठीही मूळ रहिवासी समाजातील इतिहासतज्ज्ञांचा सल्ला घेतला गेला आणि त्या समाजातील पात्रे खेळात आली.

यावरून ध्यानात येईल की खेळातला धडा चित्रांत किंवा संगीतात नसतो. तो नियमांत असतो. पुस्तकातले वाक्य पटले नाही तर आपण बोट ठेवून विचारतो, ‘हे कशावरून?’ खेळाचा नियम मात्र आपण न विचारता पाळतो, कारण पाळल्याशिवाय खेळताच येत नाही. म्हणून तो जास्त खोल जातो, आणि म्हणूनच तो जास्त तपासायला हवा.

करून पाहा: पाच एकरांचा खेळ

हे सगळे संगणकाशिवाय अनुभवता येते. एक फासा, वही आणि भरपूर चिंचोके एवढेच सामान लागेल.

चार-चार जणांचे गट करा. प्रत्येक गट म्हणजे ५ एकर जिरायती शेत असलेले एक कुटुंब. सुरुवातीला प्रत्येकाला ६० चिंचोके. दर वर्षी प्रत्येक एकरात ज्वारी पेरायची की कापूस, हे गटाने ठरवायचे. ज्वारीला एकरी ४ चिंचोके खर्च, कापसाला १०. मग फासा टाका. १ किंवा २ पडले तर पाऊस कमी: ज्वारी एकरी ६ देईल, कापूस काहीच देणार नाही. ३ ते ६ पडले तर पाऊस चांगला: ज्वारी एकरी ९, कापूस २०. वर्षाअखेर घरखर्चाचे १५ चिंचोके द्या. देता आले नाहीत तर गट बाद. अशी पाच वर्षे खेळा. हे आकडे केवळ खेळापुरते आहेत, बाजारातले नाहीत.

खेळून झाल्यावर सहा वर्षांचा हिशेब मांडा. फाशाची सहाही दाने एकेकदा पडली असे धरा. ज्वारीचे एकरी उत्पन्न ४८, खर्च २४, शिल्लक २४. कापसाचे उत्पन्न ८०, खर्च ६०, शिल्लक २०. ज्वारी थोडी सरस.

आता एकच नियम बदला: फक्त १ पडला तरच पाऊस कमी. ज्वारीची शिल्लक २७ होते, पण कापसाची ४०! आता उलट बदला: १, २ आणि ३ या तिन्ही दानांना पाऊस कमी. ज्वारीची शिल्लक २१, आणि कापसाची शून्य. एका नियमाने शहाणपणाचे पीकच बदलले. पहिला नियम घेऊन खेळलेला वर्ग म्हणेल ‘ज्वारी बरी’, दुसरा म्हणेल ‘कापूसच लावावा’, आणि दोघेही म्हणतील ‘आम्ही स्वतः अनुभव घेतला!’

आणखी एक गंमत पाहा. कापसाची सरासरी चांगली असलेल्या डावातही पाचही एकर कापूस लावणाऱ्याचे काय होते? ६० पैकी ५० पेरणीत गेले, १० उरले. पहिल्याच वर्षी १ पडला की घरखर्चाला पैसे नाहीत आणि कुटुंब बाद. सहापैकी एका कुटुंबावर ही पाळी येईल. पुढच्या वर्षी पाऊस कितीही पडो, ते शेत पेरायला उरलेलेच नाही. सरासरी कुटुंबाला वाचवत नाही, हे तुम्हांला आता समीकरण न सांगताही कळले असेल.

शेवटी वहीत एक यादी करा: या खेळात काय नाही? कर्ज नाही. बाजारभावाची चढउतार नाही. विहीर नाही, शेजाऱ्याची मदत नाही, घरातल्या बायकांच्या श्रमांची मोजदाद नाही. यांपैकी एक गोष्ट निवडा, तिचा नियम तयार करा, आणि पुन्हा खेळा. तो नियम तुम्ही कशावरून ठरवला, तेही लिहा. गावातल्या एखाद्या शेतकऱ्याला विचारून ठरवलात तर फारच उत्तम. राविचने रोजनिशी वाचल्या, त्याच जातीचे ते काम.

शिक्षकांना एक विनंती. संगणकाच्या तासाला मुलांना एखादा खेळ द्याल तेव्हा शक्य असल्यास एका यंत्रापुढे तिघा-चौघांना बसवा. बोलल्याशिवाय निर्णय होणार नाहीत. आणि तास संपण्यापूर्वी दहा मिनिटे यंत्रे बंद करून तीन प्रश्न फळ्यावर लिहा: या खेळात जिंकणे म्हणजे काय? नियमांतले आकडे कशावरून आले असतील? या गोष्टीतले कोण खेळाबाहेर राहिले?

मित्रहो, तुम्हीही हे तीन प्रश्न जवळ ठेवा. शाळेतला खेळ असो वा पुढे कधी भेटणारे मोठे वैज्ञानिक प्रतिमान असो, ते सगळीकडे उपयोगी पडतील. ज्याला खेळाचा नियम बदलून पाहता येतो, तो खेळणारा तर राहतोच, आणि हळूहळू शास्त्रज्ञही होऊ लागतो. मग आधी काय आणता? फासा की चिंचोके?